डिसअ‍ॅबिलिटीची सुनावणी आणि आपले ‘बरं आहे’

पगाराबरोबर येणारा वजावटीचा कागद आपण सगळेच बघतो, पण बहुधा तळाच्या आकड्यापुरता. त्यावर एका ओळीत ‘ओ.ए.एस.डी.आय.’ अशी अक्षरे असतात. काही कंपन्या नुसते ‘सोशल सिक्युरिटी’ किंवा ‘फायका’ छापतात. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगाराचे ६.२ टक्के त्या ओळीत कापले जातात आणि तेवढेच मालक भरतो. यातली पहिली अक्षरे म्हातारपणाची आणि मागे राहिलेल्या कुटुंबाची. ‘डी’ हे अक्षर डिसअ‍ॅबिलिटीचे. ६.२ पैकी ०.९ टक्के या एका अक्षरासाठी जातात. म्हणजे शंभर डॉलरमागे ९० सेंट आपले आणि ९० सेंट मालकाचे.

राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५६ साली या विम्याच्या कायद्यावर सही केली. सुरुवातीला तो ५० ते ६४ वयाच्या कामगारांपुरता होता. १९६० मध्ये पन्नाशीची अट काढली गेली. थोडक्यात, आपण दर पगाराला हप्ता भरत असलेला हा विमा आहे. गाडी ठोकली गेली तर विमा कंपनीकडे दावा करताना आपल्याला कोणाची लाज वाटत नाही. पण घरातले कमावते माणूस आजाराने कायमचे बसले की आपल्याकडे पहिले वाक्य येते ते असे: “सरकारकडे कशाला हात पसरायचे?” मग कोणाच्या तरी आग्रहावरून अर्ज जातो, नकाराचे पत्र येते आणि दुसरे वाक्य येते: “जाऊ दे, नशिबात नव्हतं.”

मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. इंजिनियरिंगची पदवी घेऊन इथे सॉफ्टवेअरचे काम करणारा माणूस आहे. माझ्या मावशीच्या अपिलासाठी जवळजवळ दोन वर्षे तिच्या कागदपत्रांबरोबर बसलो, तेवढाच माझा अधिकार. त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. आपल्या माणसांचे अपील आजार किरकोळ असल्यामुळे फसते असे फारसे होत नाही. ते फसते आपल्या ‘बरं आहे’ या सवयीमुळे, आणि सुनावणीची खरी तयारी म्हणजे ही सवय वेळेवर मोडणे.

नकाराचे पत्र म्हणजे शेवट नाही

आधी व्यवस्था समजून घेऊ. पहिल्या अर्जाला मंजुरीपेक्षा नकार जास्त मिळतात, तेव्हा नकार आला म्हणजे आपल्यावर कोणी खोटेपणाचा शिक्का मारला असे समजू नये. अपिलाच्या चार पायऱ्या आहेत: फेरतपासणी, प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी, अपील्स कौन्सिल आणि शेवटी फेडरल कोर्ट. फेरतपासणीत फार थोडे अर्ज मंजूर होतात. सुनावणीच्या पायरीवर मात्र हे प्रमाण साधारण निम्म्याच्या आसपास जाते. ज्या पायरीवर माणसाला प्रथमच स्वतःच्या तोंडाने बोलायला मिळते, तिथेच सर्वांत जास्त आशा असते. आणि आपली बरीच मंडळी तिथे पोहोचण्याआधीच घरी परततात.

प्रत्येक पायरीला मुदत ६० दिवसांची. पत्र टपालाने यायला ५ दिवस लागले असे धरले जाते. मुदत चुकली तर सबळ कारण द्यावे लागते. “पुन्हा नवा अर्ज करू” हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो महाग पडू शकतो. मागचे पैसे अर्जाच्या तारखेच्या आधी फार तर १२ महिन्यांपर्यंतचे मिळतात. नवा अर्ज म्हणजे ती तारीखच पुढे गेली.

दुसरी तारीख याहून महत्त्वाची. वयाच्या एकतिशीनंतर साधारणपणे गेल्या १० वर्षांपैकी ५ वर्षांच्या कामाचे क्रेडिट लागतात. नोकरी सुटली की हे विमाछत्र सुमारे ५ वर्षांत संपते. मुलांसाठी नोकरी सोडलेल्या आपल्या कितीतरी गृहिणींना हे ठाऊक नसते. छत्र संपल्यानंतर अर्ज करता येतो, पण आजाराने काम अशक्य झाले ते त्या तारखेच्या आधीच, असे सिद्ध करावे लागते. भारतातली नोकरी इथे जमेस धरत नाहीत, कारण अमेरिका आणि भारत यांच्यात तसा करार झालेला नाही. उलट एच-१ वर असलेल्याचा फायका कापला जात असेल तर त्याचे क्रेडिट जमा होतात. मात्र पैसे मिळायला या देशातले वास्तव्य कायदेशीर असावे लागते, आणि काम थांबले की एच-१ चा प्रश्न उभा राहतो. अशा घराने इमिग्रेशनच्या वकिलालाही त्याच आठवड्यात गाठावे. उतारवयात ग्रीन कार्डावर आलेल्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा. त्यांच्यासाठी असलेली एस.एस.आय. ही गरजूंची योजना आहे. १९९६ च्या कायद्याने ती बहुतेक नव्या स्थलांतरितांना दुरावली. त्याविषयी इथे लिहीत नाही.

टक्केवारी विसरा

आपल्याकडे अपंगत्व म्हटले की सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला आणि त्यावरचे टक्के आठवतात. भारतातल्या १९९५ च्या कायद्यात ४० टक्क्यांची रेघ होती, २०१६ च्या कायद्यातही ती आहे. सोशल सिक्युरिटीच्या हिशेबात टक्के नसतात. अर्धी डिसअ‍ॅबिलिटी नाही, पाऊणही नाही. किमान १२ महिने टिकलेल्या किंवा टिकेल अशा (अथवा जिवावर बेतणाऱ्या) आजारामुळे तुम्ही पोटापुरते कोणतेही काम नियमाने करू शकता की नाही, एवढेच विचारतात. २०२५ साली दृष्टी शाबूत असलेल्या माणसासाठी ही कमाईची रेघ महिना १,६२० डॉलर होती.

हा प्रश्न पाच टप्प्यांत विचारला जातो. सध्या काम करता का? आजार गंभीर आहे का? सरकारी यादीतल्या एखाद्या आजाराच्या निकषांत तो बसतो का? पूर्वीचे काम करता येईल का? (२०२४ च्या जूनपासून यासाठी १५ ऐवजी मागच्या ५ वर्षांतलीच कामे बघतात.) आणि शेवटी, वय, शिक्षण व अनुभव बघता दुसरे एखादे काम करता येईल का?

“या वयात मला कोण नोकरी देणार?” हे उत्तर आपल्या तोंडी अगदी सहज येते. त्याचा इथे उपयोग नाही. पॉलीन थॉमस नावाच्या बाई लिफ्ट चालवण्याचे काम करत. १९९५ मध्ये ती जागाच रद्द झाली. लिफ्ट चालवणारे आता उरलेतच कुठे, हा त्यांचा मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २००३ साली कोर्टाने एकमताने तो फेटाळला. पूर्वीचे काम शरीराला जमते ना, एवढेच बघायचे. ती नोकरी बाजारात आहे की नाही हा त्या टप्प्याचा प्रश्न नव्हे. इंग्रजी न येण्याचेही तसेच. शिक्षणाच्या हिशेबात ते वेगळे धरण्याची तरतूद २०२० च्या एप्रिलमध्ये काढून टाकली. तेव्हा सुनावणीला बाजाराविषयीचे गाऱ्हाणे घेऊन जाऊ नये. शरीराचा हिशेब घेऊन जावे.

फाइल आधी बोलते

हा हिशेब ठेवतो कोण? डॉक्टरची नोंद. सॅन अँटोनिओच्या पेद्रो पेरालेस या ट्रक ड्रायव्हरची पाठ १९६५ मध्ये ओझे उचलताना दुखावली. सुनावणीला त्याचा डॉक्टर स्वतः येऊन त्याच्या बाजूने बोलला. विरुद्ध बाजूला इतर डॉक्टरांचे नुसते लेखी अहवाल होते, ते डॉक्टर हजर नव्हते. तरी त्या लेखी अहवालांवर निर्णय टिकू शकतो, असे सुप्रीम कोर्टाने १९७१ साली ठरवले. अर्ध्या शतकानंतरही पाया तोच आहे. तुम्ही खोलीत येण्याआधी तुमची फाइल बोलून झालेली असते.

आणि आपल्या फायलीत काय लिहिलेले असते? डॉक्टर आत येऊन विचारतो, “हाउ आर यू टुडे?” आपण हसून म्हणतो, “फाइन, थँक यू.” आपल्या दृष्टीने तो शिष्टाचार. समोरचा कॉम्प्युटरवर लिहितो ‘डूइंग वेल’. मावशी औषधांच्या एका गोदामात पॅकिंगचे काम करत असे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसने, म्हणजे आपण ज्याला आमवात म्हणतो त्याने, तिची बोटे वाकायला लागली आणि ५४ व्या वर्षी काम सुटले. त्यानंतरच्या जवळजवळ वर्षभराच्या नोंदींत तीच ओळ होती, ‘डूइंग वेल’. मी तिला विचारले, “मावशी, डॉक्टरला सांगितलं का नाहीस की पातेलं उचलत नाही म्हणून?” ती म्हणाली, “अरे, तो बिचारा इतकं करतो, त्याच्यापुढे रोज काय रडायचं? आणि आठवड्यात एखादा दिवस बरा जातोच की.”

हा चांगुलपणा आहे यात शंका नाही, पण त्याची किंमत मोजावी लागते. मावशीचे अपील अखेर मंजूर झाले, पण काम सुटल्याच्या दिवसापासून नव्हे, तर तिच्या ५५ व्या वाढदिवसापासून. नियमांत ५० आणि ५५ ही वये मोलाची आहेत. ५५ नंतर माणूस हलके काम करू शकत असला, तरी पूर्वीचे जड काम जमत नसेल आणि हाती दुसरे कसब नसेल, तर निकाल सहसा त्याच्या बाजूने जातो. त्याआधीच्या दहा महिन्यांत मात्र कागदोपत्री ती ‘हलके काम करू शकणारी’ होती. ते दहा महिने गेले. मेडिकेअर मिळायला लाभ सुरू झाल्यापासून २४ महिने थांबावे लागते, म्हणून तेही दहा महिने लांबले. न्यायाधीशांना दोष देता येत नाही. त्यांच्यापुढे जे लिहिलेले होते तेच त्यांनी वाचले.

यावर उपाय महाग नाही. प्रत्येक भेटीला तीन गोष्टी लिहून न्याव्यात: मागच्या भेटीपासून काय करता आले नाही, औषधाचा काय त्रास होतो, आणि वाईट दिवस किती आले. कागद नर्सच्या हाती द्यावा आणि नोंदीत घ्यायला सांगावे. ओळखीच्या डॉक्टरकडून ‘हा पेशंट डिसेबल्ड आहे’ असे पत्र आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. २०१७ च्या मार्चअखेरपासून केलेल्या अर्जांत अशा नुसत्या शेऱ्याला काही वजन नाही, कारण तो निर्णय सोशल सिक्युरिटीचा आहे. डॉक्टरकडून हवे असते ते असे: किती मिनिटे उभे राहता येते, किती पौंड उचलता येते, बोटांनी बारीक काम दिवसातून किती वेळ जमते, महिन्यातून किती दिवस गैरहजेरी पडेल, आणि हे कोणत्या तपासणीवरून. वैद्यांचे काढे किंवा होमिओपॅथी चालू असेल तर जरूर सांगावे, पण आजार सिद्ध करायला इथल्या परवानाधारक डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ अशांचीच नोंद लागते. पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलचे रिपोर्ट असतील तर तेही फायलीत घालावेत. आणि औषध पैशांअभावी बंद केले असेल तर तसे स्पष्ट सांगावे. नाहीतर ‘औषध घेत नाही’ एवढेच कागदावर राहते.

एक वही घाला

आमच्या धंद्यात कोणी येऊन “प्रोग्रॅम नीट चालत नाही” म्हणाला तर आम्हाला काहीच करता येत नाही. केव्हा बिघडतो, काय करताना, दिवसातून किती वेळा, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे लिहून आणले तर काम पुढे सरकते. सुनावणीचेही तसेच आहे. “हात फार दुखतात” हे वाक्य खरे असूनही निरुपयोगी. “मंगळवारी सकाळी सहाला उठले, बोटे आठपर्यंत मिटली नाहीत, दुधाचा गॅलन दोन्ही हातांनी धरला, तरी सुटला” हे उपयोगी. दुधाचा गॅलन साडेआठ पौंडांच्या वर भरतो, हे न्यायाधीशालाही ठाऊक असते.

म्हणून अपील ठरल्या दिवसापासून एक साधी वही घालावी. रोज चार ओळी पुरतात. मावशीच्या वहीत ती मराठीतच लिही आणि मी आठवड्यातून एकदा इंग्रजीत उतरवी. चांगले दिवसही त्यात होते, आणि ते असलेच पाहिजेत. सगळे दिवस काळे असलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. महिन्याचे वाईट दिवस मोजता आले, हाच या वहीचा खरा फायदा. कारण सुनावणीला नोकऱ्यांचा एक जाणकार बोलावलेला असतो, त्याला व्होकेशनल एक्स्पर्ट म्हणतात. महिन्याला दोन-दोन दिवस गैरहजर राहणाऱ्याला मालक ठेवील का, असे विचारल्यावर हे जाणकार बहुधा ‘नाही’ म्हणतात. त्या दोन दिवसांचा पुरावा वहीत आणि डॉक्टरच्या नोंदीत जुळायला हवा.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पत्रही चालते. मात्र ‘या फार सज्जन आहेत’ अशा प्रशस्तिपत्राने काही होत नाही. मावशीच्या शेजारणीने लिहिले की पूर्वी दिवाळीला हिच्याकडून चकल्या, करंज्या आणि चिवड्याचे डबे यायचे. आता हीच बाहेरून मागवते आणि डब्याचे झाकण मी उघडून देते. तीन ओळींचे पत्र, पण त्यात माणूस दिसतो.

‘स्वयंपाक करता का?’

सरावाला बसलो तेव्हा मावशीला पहिला प्रश्न विचारला, “घरी स्वयंपाक कोण करतं?” ती म्हणाली, “मी करते.” मी काकांकडे बघितले. ते भाजी चिरतात, कणीक तेच मळतात, कुकर तेच उतरवतात. मावशी स्टुलावर बसून मीठ-तिखट सांगते आणि फोडणी घालते. पोळ्या तर तयार आणतात. पण चाळीस वर्षे घर चालवलेल्या बाईला ‘मी स्वयंपाक करत नाही’ हे वाक्य उच्चारणे म्हणजे हार पत्करल्यासारखे वाटते. पुरुषांचे ‘मी गाडी चालवतो’, ‘मी बर्फ काढतो’ हेही त्याच जातीचे. हे खोटे बोलणे नसते. मोठ्या मानाने राखलेली ती जुनी ओळख असते. पण फायलीत मात्र ‘स्वयंपाक करते’ एवढेच जाते.

तेव्हा उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’वर सोडू नये. काय करते, किती वेळ, कोणाच्या मदतीने, आणि नंतर किती वेळ आडवे व्हावे लागते, असे चार भाग सांगावेत. अर्थात याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कणभरही वाढवून सांगू नये. खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे, आणि एक वाक्य फुगवलेले निघाले की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो. मंडळाच्या गणपतीत आरतीला उभे असतानाचा फोटो कोणीतरी फेसबुकवर टाकलेला असतो. त्याबद्दल विचारले तर लपवाछपवी कशाला? दहा मिनिटे उभी होते, मग खुर्चीत बसले, दुसऱ्या दिवशी उठले नाही, हेच खरे उत्तर असेल तर तेच द्यावे.

दुभाषी मराठीचाच मागा

इंग्रजी मोडकेतोडके येत असेल तर सोशल सिक्युरिटी विनामूल्य दुभाषी देते. अपिलाच्या अर्जावरच तसे लिहावे, आणि भाषा मराठी असेच लिहावे. “हिंदी चालेल” असे भिडेखातर म्हणू नये. मुलाला किंवा सुनेला दुभाषी करण्याचा तर विचारही नको. वेदना सांगताना सून समोर असली की सासूची अर्धी वाक्ये गिळली जातात.

दुभाषी चांगला असला तरी आपली वाक्ये त्याला तोलता आली पाहिजेत. ‘जीव घाबरा होतो’ याचे शब्दशः भाषांतर झाले तर भीती वाटते एवढाच अर्थ निघेल. आपल्याला म्हणायचे असते की छाती धडधडते, घाम येतो, बसावे लागते. ‘अंग मोडून येतं’, ‘गळून गेल्यासारखं होतं’, ‘डोकं धरतं’, ‘हाताला मुंग्या येतात’ या सगळ्यांचे असेच. मुंग्या म्हणजे बधिरपणा, की टोचणे, की पकड सुटणे? घरीच ठरवून साध्या शब्दांत सांगण्याचा सराव करावा. एक वाक्य बोलावे, थांबावे, मग पुढचे बोलावे.

प्रत्यक्ष त्या दिवशी

सुनावणीची नोटीस किमान ७५ दिवस आधी येते. सुनावणी फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर होऊ शकते. फोन-व्हिडिओ नको असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी कळवावे लागते. पुरावे कामकाजाच्या किमान ५ दिवस आधी द्यावेत, निदान कोणता पुरावा यायचा आहे ते तरी कळवावे. त्याआधी आपली फाइल स्वतः बघण्याचा हक्क आहे आणि तो जरूर वापरावा. कोणत्या डॉक्टरचे कागद आलेच नाहीत, हे तिथेच कळते.

हे सिनेमातले कोर्ट नसते. सरकारचा वकील विरुद्ध बाजूला उभा राहत नाही, प्रेक्षक नसतात. न्यायाधीश शपथ देतात, रेकॉर्डिंग चालू होते आणि बहुधा तासाभरात सगळे आटोपते. तो व्होकेशनल एक्स्पर्ट नोकऱ्यांची नावे सांगतो, ती सरकारच्या एका जाड कोशातून. या कोशाची १९९१ नंतर नवी आवृत्ती निघालेली नाही. त्याला उलट प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे: या कामाला बोटे दिवसभर चालवावी लागतात का, मध्येच आडवे होता येईल का?

हे प्रश्न नीट विचारायला जाणता माणूस बरोबर असलेला बरा. वकिलाची फी साधारणपणे जिंकल्यावरच द्यावी लागते. मागच्या थकबाकीच्या २५ टक्के किंवा ठरवलेली कमाल रक्कम यांतली जी कमी असेल ती. ही कमाल रक्कम २०२४ च्या नोव्हेंबरात ९,२०० डॉलर केली गेली. ऐपत नसेल तर लीगल एड आहे. वकील कागदांच्या प्रती वगैरेंचा खर्च वेगळा लावतो का, तेवढे सहीआधी विचारून घ्यावे. सोशल सिक्युरिटीचा फोन १-८००-७७२-१२१३; तिथेही मराठी दुभाषी मागता येतो.

मंडळाने काय करावे

काही वाचक म्हणतील, आपण मेहनतीने वर आलेले लोक, आपल्याला याची गरज काय? मला वाटते, गरज आपल्या समजुतीपेक्षा जवळ आहे. आपल्यात नुसते डॉक्टर-इंजिनियर नाहीत. गोदामात, डेकेअरमध्ये, दुकानाच्या गल्ल्यावर उभे राहून घर चालवणारेही आपल्याच हळदीकुंकवाला येतात, आणि आजारी पडले की येणे बंद करतात. आणि इंजिनियर तरी कुठे सुटला आहे? एम.एस., पाठीचा मणका, नैराश्य हे पगार विचारून येत नाहीत. मानसिक आजारात तर आपले तोंड आणखी घट्ट मिटते. मुलीच्या लग्नाचा विचार करून वर्षानुवर्षे डॉक्टरकडेच न गेलेल्या माणसाच्या सुनावणीला फायलीत काहीच नसते.

म्हणून सुचवावेसे वाटते की मंडळाच्या वार्षिक आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासतो, तसे एक टेबल कागदपत्रांचे असावे. वकिली सल्ला देण्यासाठी नव्हे. पत्र वाचून मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहून देण्यासाठी, वही कशी घालायची ते दाखवण्यासाठी, सुनावणीच्या आधी दोन संध्याकाळी समोर बसून प्रश्न विचारण्यासाठी. निवृत्त मंडळींपैकी चारजण पुढे आले तरी पुरे. माझे नाव त्यात धरावे. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यकारिणीला कळवावे.

आणि तोपर्यंत प्रत्येकाला करता येईल असे एक काम आहे. पुढच्या वेळी डॉक्टरने “कसं काय?” विचारले की ‘बरं आहे’ म्हणण्याआधी क्षणभर थांबा, आणि या महिन्यात काय जमले नाही ते सांगा. डॉक्टर ते ऐकण्यासाठीच तिथे बसलेला असतो.